पहिल्या बोर्डावरच्या तोरणेबाई

माळपेठेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चार बोर्ड होते, आणि चौथ्या बोर्डावर बसणारी बाई ड्यूटीच्या वेळात स्वेटर विणायची. पहिल्या बोर्डावरच्या विजयमाला तोरणेला मात्र सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत घोटभर पाणी प्यायलाही सवड नसायची. नऊ वर्षं हे असंच चाललं. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. पुढं पुढं तर विजयमालालाही वाटेनासं झालं.

माळपेठ हे सातारा-सांगलीच्या मधलं बाजाराचं गाव. गूळ, हळद, शेंग यांचे सौदे तिथं होत. गावात फोन आले तेव्हा सगळ्यांत आधी अर्ज केले ते अडत्यांनी. ज्या क्रमानं अर्ज आले त्या क्रमानं नंबर मिळाले, आणि ज्या क्रमानं नंबर मिळाले त्या क्रमानं तारा बोर्डांवर जोडल्या गेल्या. त्यामुळं एक ते शहाऐंशी हे नंबर जवळजवळ सगळे पेठेचे, आणि ते सगळे पहिल्या बोर्डावर. शाळा, बँक, जनावरांचा दवाखाना, देवस्थानची कचेरी ही मंडळी मागाहून आली, ती तिसऱ्या-चौथ्या बोर्डावर जाऊन बसली.

कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराची बोटाच्या पेराएवढी झडप खट्‌कन खाली पडे. बाईनं दोरीची पिन तिथल्या भोकात खुपसायची, नंबर विचारायचा, दोरीचं दुसरं टोक हव्या त्या नंबरात घालायचं. परगाव हवं असेल तर चिठ्ठी लिहायची आणि ट्रंक लाइन मोकळी होण्याची वाट बघायची. सांगलीला दोन लाइनी होत्या, साताऱ्याला एक. बाजाराच्या दिवशी पहिल्या बोर्डावर झडपा गारांसारख्या पडत.

विजयमाला या बोर्डावर आली ती सहासष्ट साली. ती माणची, दहिवडीकडच्या एका वाडीतली. तिचे वडील नाथाजी तोरणे पलटणीत शिपाई होते. छप्पन साली त्यांनी घरातले देव ओढ्यात सोडले, बुद्धाची तसबीर लावली आणि त्याच आठवड्यात पोरीचं नाव दहिवडीच्या शाळेत घातलं. बारा वर्षांची पोर दुसरीच्या वर्गात बसली. मॅट्रिक होईतो तिला बाविसावं वर्ष लागलं. पण ती झाली, आणि टेलिफोनमध्ये लागलीही. निकालाचं पत्र बघायला नाथाजी राहिले नव्हते. आई राहीबाईनं पत्र हातात धरून उलटसुलट केलं, वाचता येत नसताना दोन्ही बाजू बघितल्या, आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं.

एक्स्चेंजमध्ये नियम असा होता की दर आठवड्याला बायांनी बोर्ड बदलायचा. म्हणजे पेठेचा जाच सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. तसा तक्ता भिंतीवर लावलेलाही होता. विजयमालाचा पहिला आठवडा पहिल्या बोर्डावर गेला. दुसऱ्या सोमवारी तिथं येसूबाईंची पाळी होती. येसूबाई तिच्याहून चार वर्षांनी जुन्या, पाटलांच्या घरातल्या, स्वभावानं गरीब. त्या खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या.

हेडसेट खिळ्याला टांगलेला होता. प्रत्येक बोर्डाचा एकच हेडसेट असे. कानाला लावायची चकती, डोक्यावरून जाणारी पट्टी, आणि छातीवर शिंगासारखं वर आलेलं बोलायचं नळकांडं, अगदी ओठांशी येणारं. आठवडाभर ते विजयमालाच्या ओठांशी होतं.

"आज माझं डोकं लय दुखतंय," येसूबाई सुपरवायझरना म्हणाल्या. "मी दोनवरच बसते."

पुढच्या सोमवारी तिसऱ्या बाईंचं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या सोमवारी चौथीचं. पाचव्या आठवड्यात भिंतीवरचा तक्ता निघाला. तेव्हाचे सुपरवायझर म्हणाले, "तोरणेबाई, तुमचा हात चलाख आहे. पेठ तुम्हीच सांभाळा."

कुणी वावगा शब्द बोललं नाही. त्यामुळं तिलाही काही बोलता आलं नाही.

सुट्टीत घरी गेली तेव्हा तिनं आईला सांगितलं, "आये, पेठेचा बोर्ड मला दिलाय. समद्यात अवघड."

राहीबाई भाकरी थापत होती. "तुलाच का गं?"

"हात चलाख हाय माझा."

राहीबाईनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

पण खोटं सांगितलेलंही काही दिवसांनी खरं होऊन बसतं. विजयमालाचा हात खरोखरच चलाख झाला. शहाऐंशी नंबरांतला प्रत्येक आवाज ती ओळखू लागली. कोण सकाळी पहिला फोन करतो, कोण भावावर अडून बसतो, कुणाचा मुंबईचा व्यापारी दुपारी जेवायला जातो, हे तिला पाठ झालं. एका लाइनीवर सांगली मिळत नसेल तर ती साताऱ्याला सांगून फेऱ्यानं सांगली मिळवी. बाहत्तरच्या दुष्काळात तहसील कचेरीचा नंबरही तिच्याच बोर्डावर होता. चारा, टँकर, खडीकामाच्या जागा, सगळं तिच्या कानातून जाई. त्या वर्षी तिनं एकही रजा घेतली नाही.

सात नंबरच्या लालासाहेबांची अडत पेठेत सगळ्यांत मोठी. ते फोन उचलून आधी खाकरत, आणि मग म्हणत, "पोरी, सांगली दे."

"देते दादा. घटकाभर थांबा, लाइन लागलीय."

"तू हाईस म्हणून पेठ चालतीया बघ."

एवढं ऐकलं की तिला दिवस पुरे. खोलीवर ती एकटीच राहायची. दोन स्थळं आली होती. एकानं पाळीची नोकरी सोडायची अट घातली, दुसऱ्याच्या घरच्यांनी उत्तरच दिलं नाही. मग तिनंही विषय सोडून दिला. एक्स्चेंजमधल्या बाया तिच्याशी हसून बोलत, पण डबा आपापल्या टेबलावर उघडत. पेठेतली माणसं मात्र दिवसातून चार-चार वेळा तिच्याच आवाजाची वाट बघत. तिचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पंचाहत्तरच्या ऑगस्टमध्ये आप्पासाहेब निकम सुपरवायझर म्हणून आले. कोरेगावकडचे, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार राहिलेले. पहिले आठ दिवस ते मागं हात बांधून नुसते उभे राहिले. नवव्या दिवशी त्यांनी चारी बायांना एकेक कागद दिला. प्रत्येक कॉलला एक रेघ ओढायची, तासातासाला खाली जोड लिहायचा. आठवडा झाल्यावर ते कागद घेऊन बसले आणि त्यांनी विजयमालाला बोलावलं.

"बसा बाई. ह्ये बघा. दहा ते एक, तीन तासांत तुमच्या बोर्डावर तीनशे बारा कॉल. चौथ्यावर सेहेचाळीस."

"बाजाराचा दिवस होता साहेब."

"रोजचंच हाय. मी सात दिवसांचं बघितलंय." त्यांनी चष्मा काढला. "गाडी एका अंगाला भरली तर बैल चांगले म्हणून चालतीया काय? आस मोडतो. पेठेचे चौतीस नंबर मी तीन आन चारवर टाकणार. मागल्या खोलीत लाइनमन हरिबा तारा बदलंल, दोन दिवसांचं काम. रिंगा चौघींवर सारख्या पडतील."

विजयमालाला वाटलं, आपल्या हातून कुठं चूक झाली.

"साहेब, कुणी तक्रार केली का माझी?"

"न्हाई. उलट समदे नावच घेत्यात तुमचं."

"मग राहू द्या ना. मला जमतंय. त्या लोकांना माझी सवय आहे. ते नवीन बाईला बोल लावतील."

"लावू द्यात. चार दिवस लावतील."

"साहेब, दिवाळी तोंडावर येईल. दिवाळीचा गुळाचा सौदा सगळ्यात मोठा. त्याआधी बदललं तर घोटाळा होईल. नंतर बघा."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं निरखून बघितलं. सारा कारभार त्यांच्या ध्यानात आला होता. तक्ता भिंतीवरून का निघाला, हे हरिबा लाइनमननं त्यांना सांगितलं होतं. पण ज्या बाईचं ओझं उतरवायचं, तीच दोन्ही हातांनी ते धरून बसली होती. "बरं," ते म्हणाले. "दिवाळीपतोर थांबू. नंतर मी ऐकायचा न्हाई."

ती हसत बाहेर आली. आपण काहीतरी जिंकलो असं तिला वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हस्ताचा पाऊस गरजू लागला. वीज कडाडू लागली की हेडसेट काढून ठेवायचे, अशी सूचना भिंतीवर लावलेली होती. तारा उघड्यावर खांबांवरून मैलोन्‌मैल जात. लांब कुठं वीज पडली तरी तिचा तडाखा बाईच्या कानात येई. त्या दिवशी दुपारी पूर्वेकडं लख्ख झालं तशी येसूबाईंनी हेडसेट काढला. तिसरीनं काढला. चौथीनं तर तो दिवसभरात फारसा घातलाच नव्हता.

विजयमालाच्या पुढ्यात ट्रंकच्या एकतीस चिठ्ठ्या पडल्या होत्या. सांगलीच्या दोन्ही लाइनी सकाळपासून मेल्या होत्या, आणि नेमकी त्यातली एक जिवंत झाली.

"बाई, काढा तो," येसूबाई म्हणाल्या.

"एवढा एक देते."

तो एक लालासाहेबांचा होता. बारा वाजल्यापासून ते थांबले होते. लाइनीवर खरखर एवढी, की दोघांना एकमेकांचं ऐकू येईना. मधे राहून विजयमालाच शब्द पोचवू लागली. "दादा, ते म्हणतायत माल उद्या हवा... सांगली, ते विचारतायत भाव कालचाच ना?... दादा, कालचाच म्हणतायत..."

कुणाचा जीव वाचवायचा नव्हता, की डॉक्टर बोलवायचा नव्हता. गुळाचा भाव होता.

आवाज झाला तो तिला आवाज असा वाटलाच नाही. उजव्या कानात कुणीतरी तापली सळई घुसवली असं वाटलं. बोर्डावरच्या चाळीसेक झडपा एकदम खाली पडल्या. ती खुर्चीसकट मागं गेली. येसूबाईंनी तिला धरलं, तिच्या डोक्यावरून तो हेडसेट ओढून काढला. येसूबाईंचे ओठ हलत होते. ते विजयमालाला दिसत होते.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा कान गेला. डाव्याला फारसा धक्का नाही, पण नऊ वर्षांच्या खटखटीनं तोही झिजलेला आहे, त्याला जपा. तीन आठवड्यांची रजा मिळाली. राहीबाई वाडीहून आली. लेकीच्या उजव्या बाजूला बसून ती बोलत राही, आणि मग ध्यानात आलं की उठून डाव्या बाजूला येई.

दिवाळी झाली आणि ती कामावर गेली. बोर्ड निराळाच दिसत होता. बऱ्याच नंबरांवर कोऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आप्पासाहेबांनी ठरल्याप्रमाणं चौतीस नंबर हलवले होते. चौथ्या बोर्डावरची बाई घामाघूम होऊन पिना खुपसत होती. विणकाम घरी राहिलं होतं.

विजयमाला खुर्चीवर बसली. हेडसेट उचलला आणि तिचा हात थांबला. पट्टीला ब्राह्मीच्या तेलाचा वास येत होता. ती ते तेल लावत नसे. येसूबाई लावत.

तीन आठवडे पहिला बोर्ड रिकामा ठेवता येणार नव्हता. येसूबाई तिथं बसल्या होत्या आणि खिळ्याला एकच हेडसेट होता.

येसूबाई शेजारून बघत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी पुसून ठेवलाय," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून आणखीनच ओशाळल्या. "तसं न्हवं... म्हंजी तुम्हाला माझं तेल लागू नये म्हणून."

"असू द्या," विजयमाला म्हणाली.

हे नऊ वर्षांपूर्वी झालं असतं तर तिनं घरी जाऊन आईला रडत सांगितलं असतं. आता तिनं तो फक्त डोक्यावर घातला आणि कानाची चकती उजवीकडून डावीकडं फिरवली.

सात नंबर तिच्याकडंच राहिला होता. ती रुजू झाल्याचं कळलं तसे दोन दिवसांनी लालासाहेब स्वतः एक्स्चेंजवर आले. डोक्याला फेटा, गड्याच्या खांद्यावर गुळाची ढेप. दारात उभं राहून ते म्हणाले, "आमची बाई कुठली रं? माझ्यापायी लागलं म्हणं तिला."

हरिबानं बोट दाखवलं. विजयमाला उठून उभी राहिली, हात जोडले. नऊ वर्षांत त्यांनी तिला प्रथमच बघितलं.

"लय वाईट झालं पोरी. माझाच फोन हुता. कुठली गं तू? आडनाव काय?"

"तोरणे. माणातली."

"तोरणे," लालासाहेब म्हणाले. "माणातले तोरणे म्हंजी..." ते खाकरले. गड्याला ढेप टेबलावर ठेवायला सांगितली. "जपा मग," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतरही त्यांचे फोन येत राहिले. आवाजात राग नव्हता, तुसडेपणा नव्हता. फक्त "पोरी" म्हणायचं तेवढं राहिलं. "बाई, सांगली द्या," असं ते म्हणू लागले. ढेप तिनं चौघींत वाटली. येसूबाईंनी आपला वाटा घेतला, आणि त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन त्या पहिल्या बोर्डापाशी आल्या. दोघी एकत्र जेवल्या. पुढं रोजच तसं होऊ लागलं.

डावा कान दोन वर्षं टिकला. हळूहळू तिला सत्तावीस आणि सदतीस यांतला फरक कळेना. एकोणसाठ की एकोणसत्तर, हे दोनदा विचारावं लागे. कुणाला सांगायची सोय नव्हती. ऐकू येत नाही म्हटल्यावर टेलिफोनच्या बाईचं राहिलं काय? येसूबाईंच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. त्या आपल्या बोर्डावरून मान तिरकी करून तिच्या बोर्डाचं ऐकत, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून तिच्याकडं सरकवत. त्यांचा स्वतःचा बोर्ड मागं पडे, आप्पासाहेबांचे बोल त्या खात. पण चिटोरं सरकवायच्या थांबल्या नाहीत.

आप्पासाहेबांनाही कळलं असावं. कारण न सांगता त्यांनी आणखी दहा नंबर तिच्याकडून काढले. मग आणखी आठ. दर वेळी म्हणत, "नव्या जोडण्या आल्यात, जरा वाटणी करतोय." एके काळी शहाऐंशी झडपांचा तो बोर्ड, त्यावर आता चौतीस राहिल्या. दुपारी तिला बसून बसून कंटाळा येऊ लागला. पेठेतले लोक विचारत, "तोरणेबाई हल्ली नसत्यात काय?" आणि दुसरी बाई सांगे, "आहेत की, पण तुमचा नंबर माझ्याकडं आलाय."

सत्त्याहत्तरच्या श्रावणात एका सकाळी साताऱ्याच्या लाइनीवरून एक घाईचा फोन आला. त्या माणसाला सदतीस नंबर हवा होता. येसूबाई त्या दिवशी रजेवर होत्या. विजयमालानं सत्तावीसला जोडून दिला. पलीकडून कुणीतरी "म्हातारी गेली, निघा" एवढंच सांगून फोन ठेवला.

सत्तावीस नंबर तात्याबा पेंढारकरांचा, पेठेतल्या किराणा दुकानदाराचा. त्यांची आई पुण्याला दवाखान्यात होती. घरात रडारड झाली. तात्याबांनी दुकान बंद केलं. थोरला मुलगा मिळेल त्या एस.टी.नं पुण्याला निघाला. दोन तासांनी तोच साताऱ्याचा माणूस परत फोनवर आला, सदतीसवाले अजून निघाले कसे नाहीत म्हणून चिडून विचारू लागला, आणि मग सगळं उघडं पडलं. तात्याबांची आई पुण्याच्या खाटेवर बसून चहा पीत होती. ज्यांची म्हातारी खरंच गेली होती, ते मातीला पोचले नाहीत.

विजयमाला आधी तात्याबांच्या दुकानी गेली. त्यांनी तिला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. आमची जिती हाय, त्यातच समदं आलं." सदतीसवाल्यांच्या दाराला कुलूप होतं. ती पायरीवर घटकाभर उभी राहिली आणि तशीच आप्पासाहेबांच्या खोलीत आली.

"साहेब, मला बोर्डावरून उठवा."

आप्पासाहेब स्वतःच उठून टेबलाला वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला आले.

"एका चुकीनं काय होतंय बाई? माणूस हाय, चुकतंच."

"चूक नाही साहेब. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. येसूताई सांभाळून घेत होत्या, तुम्हीही घेत होता. मला ठाऊक आहे नवीन जोडण्या किती आल्या ते. एका मेलेल्या बाईची माणसं माझ्यामुळं पोचली नाहीत. आता नको."

आप्पासाहेब मग मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "मी दिवाळीपतोर थांबायला नको हुतं. माझ्या हातात कागद हुता. तीनशे बारा आन सेहेचाळीस. डोळ्यांनी दिसत असून मी थांबलो."

"मीच थांबवलं तुम्हाला."

"तुम्ही थांबवलं, पर मी सुपरवायझर हुतो."

तिला रडू आलं. रडत रडतच ती म्हणाली, "साहेब, ते नंबर मला ओझं वाटत नव्हते हो. पेठेत माझं दुसरं काय होतं?"

आप्पासाहेबांनी कागद पुढं ओढला. त्यांनी अर्ज लिहून दिला. सांगलीला पुन्हा तपासणी झाली, कागद फिरले, आणि अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत तिची साताऱ्याच्या कचेरीत बदली झाली. निघायच्या दिवशी येसूबाई एस.टी. स्टँडवर आल्या. गाडी सुटताना खिडकीशी येऊन त्या खूप काही बोलल्या. विजयमालाला इंजिनाची घरघर तेवढी जाणवली. तिनं येसूबाईंचा हात दाबला.

साताऱ्यातलं काम कागदी होतं. जिल्ह्यातल्या लहानमोठ्या एक्स्चेंजांतून रेघांचे कागद येत: कुठल्या बोर्डावर कुठल्या तासाला किती कॉल. ती ते जोडायची आणि जिथं एकाच बोर्डावर गर्दी दिसेल तिथं लाल पेन्सिलीनं खूण करायची. साहेब तिच्या खुणा बघून नंबर हलवायचे हुकूम काढत. वाई, फलटण, म्हसवड अशा ठिकाणच्या कुणाकुणा बायांचा भार त्या खुणांनी हलका झाला असेल. काम ती चोख करी. कचेरीत तिला कुणी हाक मारत नसे, जवळ येऊन टेबलावर बोट वाजवत.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये वाडीहून निरोप आला, राहीबाईनं अंथरूण धरलंय. भाऊ धनाजी मुंबईच्या गोदीत होता, त्याला यायला दोन दिवस लागणार होते. विजयमाला दुपारच्या गाडीनं दहिवडीला उतरली आणि तिथून चालत वाडीला गेली. शेजारीण पारूबाई उशाशी बसली होती. लेक आलेली बघून ती पाणी भरायला म्हणून उठली.

राहीबाईचं पार चिपाड झालं होतं. पण डोळे जागे होते. तिनं लेकीला ओळखलं आणि ती बोलू लागली.

आवाज आधीच क्षीण झालेला. विजयमालानं डावा कान आईच्या तोंडाशी नेला. गरम श्वास कानाला लागत होता. शब्द एकही कळत नव्हता. पूर्वी खरखरीतून, दोन-दोन एक्स्चेंजांपलीकडून आलेलं बोलणं तिनं पकडलं होतं. इथं बोटभर अंतर होतं. ती तोंडाकडं बघू लागली, पण आईच्या तोंडात दात नव्हते, ओठ नुसतेच हलत.

"आये, जरा मोठ्यानं बोल."

राहीबाई बोलतच होती. मधेच थांबून, दम घेऊन, पुन्हा. बरंच काही सांगायचं असावं. एकदा तिनं हात उचलून लेकीच्या कानाला लावला. मग काहीतरी विचारलं. विचारलं हे विजयमालाला भुवयांवरून कळलं. राहीबाईनं पुन्हा तेच विचारलं, आणि उत्तरासाठी तिच्याकडं बघत राहिली.

पारूबाईला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. पण पारूबाई विहिरीवर होती, आणि तोवर आईचे डोळे थांबणार नव्हते.

"व्हय आये," विजयमाला म्हणाली. "व्हय."

राहीबाईचा चेहरा सैल झाला. ती हसली असंही विजयमालाला वाटलं. पारूबाई कळशी घेऊन परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

धनाजी तिसऱ्या दिवशी पोचला. ओसरीवर माणसं बसली होती. तो बहिणीच्या पुढ्यात येऊन बसला, तिला दिसेल असं तोंड हलवून त्यानं विचारलं, "तायडे, आये काय बोलली गं शेवटी?"

विजयमालानं त्याच्याकडं बघितलं. सगळी ओसरी तिच्याकडं बघत होती.

"तुझं नाव घेतलं," ती म्हणाली. "धन्याला सांबाळ म्हणाली."

धनाजी ढसाढसा रडला. पारूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. विजयमाला उठली, मागल्या दारी गेली, आणि हातपाय धुवायला आलेल्या माणसांसाठी रांजणातलं पाणी काढत राहिली.